वाळूची डावी नळी

१

काचपेटीतून काहीही चोरीला गेले नव्हते. उलट एक वस्तू वाढली होती.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे रेल्वे कर्मचाऱ्यांच्या क्लबात गेलो. नव्या चुन्याचा ओला वास हॉलभर साचला होता. सोमवारी नागपूरहून साहेब यायचे होते, म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी भिंतींना चुना दिला गेला. दोन दिवस दारे सताड उघडी होती आणि कोणीही यावे, कोणीही जावे असा कारभार होता. मागच्या खोलीत आमच्या छोट्या लाइनीचा पितळी संसार मांडलेला आहे. हातभर लांबीची इंजिने, प्रवासी डबे, सागाचे ओंडके वाहणाऱ्या वाघिणी. हे सारे श्रावण फिटरच्या हातचे. तो गेल्याला आता चार वर्षे झाली. तेव्हापासून सुटलेल्या कड्या डाक लावून झाळणे, उडालेला रंग भरणे, धूळ पुसणे ही कामे मी करतो. पोटासाठी मी ड्रॉइंग मास्तर आहे. माणसांत मला फार वेळ बसवत नाही. या खोलीत बसवते.

त्या इंजिनांत चारशे बारा नंबरचे वेगळे होते. खरे चारशे बारा दोन वर्षांपूर्वी भंगारात गेले. जगात आता त्याची एवढीच आकृती उरली होती. तिच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकासमोर, वाळूची नळी नव्हती. कधीच नव्हती. त्या दिवशी ती होती.

ही नळी कशासाठी असते ते सांगितले पाहिजे. रूळ निसरडे झाले की ड्रायव्हर वाळू सोडतो. इंजिनावरच्या पेटीतून ती दोन नळ्यांनी दोन्ही चाकांपुढे पडते आणि चाके रुळांना धरतात. १९७९ च्या फेब्रुवारीत, सकाळच्या गाडीला, केळझरपुढच्या उतारावर सागाची पाने रुळांवर पडून दवाने लिबलिबीत झाली होती. चारशे बारावर देवराव ड्रायव्हर होता, श्रावणचा जुना दोस्त. त्याने ब्रेक दाबला, वाळू सोडली, तरी गाडी घसरत गेली आणि रुळांवरची ढकलट्रॉली चिरडली गेली. ट्रॉलीवरचा गँगमन लालसू जागीच मेला. इंजिनांच्या शेडच्या रजिस्टरात ‘वाळू दोन्ही बाजू ठीक’ असे लिहिलेले होते. मग दोष वेगाचा, म्हणजे देवरावचा. त्याला नोकरीतून काढून टाकले.

श्रावणचा एक नेम होता. समोर जे उभे आहे तेच तो घडवी. टाकीवरचा पोचा, बदललेला रिव्हेट, कोळशाच्या पेटीवरचे ठिगळ, काही सुधारायचे नाही, काही लपवायचे नाही. चारशे बाराच्या बैठकीखाली त्याने पितळी पट्टीवर तारीख कोरली होती, २६ जानेवारी १९७९. त्याच दिवशी ते क्लबात मांडले गेले. म्हणजे अपघाताच्या तीन आठवडे आधीपासून डावी नळी नव्हती आणि रजिस्टर खोटे होते. सात वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण पेटीची डावी बाजू भिंतीकडे होती. गेल्या पावसाळ्यात फळीला वाळवी लागली. मी पेटी फिरवली आणि मला ती रिकामी जागा दिसली.

मी देवरावच्या बायकोला, बायनाबाईला, कळवले. देवराव अर्जाला तयार होईना, म्हणून तिने आपल्या नावाने अपील केले. मजकूर माझ्या हातचा. सोमवारी साहेब हे इंजिन पाहायला येणार होते. त्यांना नळी जागेवर दिसली तर अर्जाची रद्दी होणार होती, आणि देवराव उरलेला जन्म एका माणसाचा जीव घेणारा ड्रायव्हर म्हणूनच काढणार होता.

मी काचेच्या झाकणाचे चार स्क्रू काढून इंजिन बाहेर घेतले. नळी म्हणजे बॉलपेनची रिकामी पितळी रिफिल होती. ती मापाने वाकवलेली होती, पण झाळलेली नव्हती. केसासारख्या तांब्याच्या तारेने बांधली होती. तिच्यावरचा काळा रंग लाख आणि काजळ यांचा, अगदी श्रावणच्या रीतीचा होता. त्यावर साय धरावी तशी पांढुरकी छटा होती. इंजिनाच्या केबिनमधला दिशेचा लिव्हर मधोमध उभा होता. ब्रेकचे इवलेसे चाक घट्ट आवळलेले होते. मागच्या चाकाखाली आगपेटीच्या काडीची एक कपची सरकवलेली होती. रंग सुकेपर्यंत इंजिन हलू नये म्हणून ती असावी, असे मला वाटले.

नळी उपटून टाकणे सोपे होते. पण रंगाच्या खुणा राहिल्या असत्या. अर्ज माझ्या अक्षरात आणि पेटी माझ्या ताब्यात. मास्तरनेच नळी काढली, असे कोणीही म्हणाला असता, आणि त्याला मी काय उत्तर देणार होतो? ती कोणी बसवली हे कळल्याखेरीज तिला हात लावता येत नव्हता.

चोर शोधताना वस्तू कोणाला हवी होती ते पाहतात. मला मात्र कोणी काय दिले ते पाहायचे होते.

२

पहिले नाव विचार न करताच मनात आले. रजिस्टरातल्या खोट्या ओळीखाली बापूरावांची सही होती. ते तेव्हा शेडचे फोरमन होते. आता निवृत्त होऊन क्लबाचे सेक्रेटरी झाले होते आणि चुन्याचे काम त्यांनीच काढले होते.

इंजिन खोक्यात घालून मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर ते एकटेच पत्ते मांडून बसले होते. मी सगळे सांगितले. त्यांनी इंजिन मांडीवर घेतले, नळीकडे पाहिले आणि बोलता बोलता लहान मुलासारखे केबिनमधल्या लिव्हरशी खेळू लागले. पुढे, मागे, पुढे, मागे.

“सही माझी हाये. नाई म्हणत नाई,” ते म्हणाले. “पण इंजिनं किती होती ठाऊक हाये का तुमाले? एकेकाच्या पोटाखाली मी काय रांगत जाऊ? फिटर म्हणे ठीक, मी लिवलं ठीक.”

नळी जागेवर दिसली तर फायदा तुमचाच आहे, हे मी शक्य तितक्या मऊ शब्दांत म्हटले. ते हसले. मग त्यांनी एक पत्ता उचलून माझ्यासमोर धरला. तो त्यांच्या बोटांत पानासारखा थरथरत होता.

“हे पाहा. सकाळी दाढी कराले न्हावी बोलावतो मी. अन् हात धड होते तवाही बारीक काम मले येत नव्हतं. येत असतं तं फोरमन कायले झालो असतो? कचेरीतून वर चढलो मी, मास्तर. शेडातले लोक मले मागून ‘शाईचा फोरमन’ म्हणत, ते ऐकलं नाई का कधी?”

इंजिन त्यांनी तसेच खोक्यात टाकले. लिव्हर कुठे राहिला, ब्रेक सैल की घट्ट, याकडे त्यांचे लक्षही नव्हते. मी उठलो तेव्हा ते पुन्हा पत्ते लावू लागले होते.

“काळा रंग पाह्यला ना तुमी? ती रीत श्रावणनं दोघांलेच देली. एक तुमी. दुसरी त्याची पोरगी.” आणि मान वर न करता म्हणाले, “माझी तं नुसती सही होती. नळी लावाचं काम कोणाचं होतं, ते इचारा तिले.”

मी रस्त्यावर आलो आणि थांबलो. इतके महिने मी नळीकडे पाहत होतो आणि फिटरकडे पाहायला विसरलो होतो. चारशे बाराचा फिटर श्रावणच होता.

३

अन्नपूर्णा शेडच्या कचेरीत कारकून आहे. वडील नोकरीत असताना वारले, म्हणून तिला ती जागा मिळाली. आई तिला आठवतही नाही. तिच्याशी बोलताना मी बहुतेक तिच्या हातांकडे पाहतो. चेहऱ्याकडे पाहिले की मला वाक्य पुरे करता येत नाही.

तिने इंजिन खिडकीशी नेले. ओले बोट नळीवर फिरवले, हुंगले, नखाने किंचित खरवडले.

“रीत बाबांची आहे. हात बाबांचा नाही, माझाही नाही,” ती म्हणाली. “लाख कोऱ्या स्पिरिटात विरघळावी लागते. पाण्याचा थेंब गेला तरी ती अशी पांढरी पडते. ह्यात थेंब नाही, निम्मं पाणी आहे.”

क्लबातली स्पिरिटची बाटली मी आधीच पाहिली होती. सील तसेच होते. तिच्या घरच्या बाटलीतले स्पिरिट तिने न विचारता बशीत ओतून, काडी लावून दाखवले. ज्योत निळी आणि स्वच्छ होती. पण मनात एकदा आलेला संशय अशा ज्योतीने जळत नाही. ज्याला रीत पुरती येते तो मुद्दाम चूकही करू शकतो, असे माझ्या मनात आले आणि त्याची मला लाज वाटली.

ते तिला दिसले असावे. “गुरुवारी, शुक्रवारी मी सहापर्यंत कचेरीत होते. मस्टर पाहून घ्या,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून मला जास्त लागले.

मग तिने आपणहून एक गोष्ट सांगितली. अपघातानंतर श्रावणने चारशे बाराला हात लावला नव्हता. बाकीच्या गाड्या तो दर आठवड्याला पुसत असे, या एका पेटीवरची धूळ तिने पुसावी. ती कारण विचारी आणि तो अंगणात निघून जाई.

बोलत असतानाच तिने इंजिन खोक्यात ठेवले. ठेवण्यापूर्वी करंगळीच्या नखाने लिव्हर पुढे ढकलला आणि ब्रेकचे चाक सैल केले. श्रावणने आम्हांला तसेच शिकवले होते. मांडलेली गाडी निघण्याच्या बेतात दिसली पाहिजे. तिचे हात ते तिला न विचारता करीत होते.

“सोमवारी काय सांगणार तुम्ही?”

जे असेल ते, असे मी म्हणालो.

“मग ते आधी मला सांगा. साहेबांसमोर पहिल्यांदा ऐकायची पाळी माझ्यावर आणू नका.”

मी शब्द दिला.

४

रविवारी सकाळी इंजिन टेबलावर ठेवून मी त्याच्यासमोर बसून राहिलो. खिडकीबाहेर पळस पेटला होता, आणि त्या रंगाचा मला कंटाळा आला होता. इतके ठळक काही मला नको होते. माझ्या कामाच्या खुणा बारीक होत्या.

नळी झाळलेली नव्हती. मी झाळली असती, अन्नपूर्णेने झाळली असती. ज्याने ती बांधली त्याने हे काम पुष्कळदा पाहिले होते, केले मात्र नव्हते. नळीचा बाक मात्र अचूक होता. चाकापासून किती अंतरावर तिचे तोंड असावे हे त्याला ठाऊक होते. म्हणजे इंजिन ज्याच्या अंगवळणी पडले आहे, पण कलाकुसर नाही, असा माणूस.

मग लिव्हर. तो मधोमध उभा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पावसाळ्यात पेटी फिरवल्यापासून दर शनिवारी मी तो पुढे करून ठेवतो. बापूरावांनी त्याचे खेळणे केले. अन्नपूर्णेने तो पुढे ढकलला. नळी बसवताना लिव्हरला हात लावायचे कारण नाही. तो केबिनमध्ये आहे, नळी पुढच्या चाकापाशी. ज्याने लिव्हर मधे आणला, त्याने काम संपल्यावर, इंजिन सोडून जाताना आणला.

इंजिन सोडून जाताना. हे शब्द मी मनात पुन्हा एकदा उच्चारले.

लिव्हर मधोमध असला की इंजिन पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही. ब्रेक आवळायचा, लिव्हर मधे आणायचा, चाकाखाली लाकडी गुटका सरकवायचा. त्याशिवाय ड्रायव्हर इंजिनावरून खाली उतरत नाही. काडीची ती कपची रंग सुकण्यासाठी नव्हती. हातभर लांबीच्या, आत ना पाणी ना आग असलेल्या इंजिनाखालीही त्या माणसाने गुटका लावला होता. खोली रिकामी असणार, पकडले जाण्याची धास्ती असणार, आणि तरी त्याच्या हातांना तसे निघून जाता आले नव्हते.

श्रावणच्या रंगकामाशेजारी संध्याकाळच्या संध्याकाळ बसलेला ड्रायव्हर एकच होता. ही नळी दिसल्याने ज्याचे सर्वस्व जाणार होते, तोच.

५

मूल गावाच्या पुढे, चामोर्शीच्या वाटेवर, देवरावचे गाव आहे. एस. टी. ने मला फाट्यावर उतरवले तेव्हा दुपार झाली होती. पहिलेच घर दारू गाळणाऱ्या मंगलीचे. अंगणात गेल्या हंगामातली सुकी मोहाची फुले पसरली होती आणि ती म्हातारी त्यांतला कचरा वेचत होती. देवरावभाऊंचे घर कोणते, असे विचारताच ती हसू लागली.

“पाहुणे का? मग तुमीच सांगा, त्या माणसाले झालं काय? जलम गेला त्याचा, माझ्या दारावरून नाकाले धोतर लावून जाते. बुद्धाचा माणूस, दारूच्या वाऱ्याले उभा नाई राहत. अन् बुधवारी आला. म्हणे पावशेर दे, पहिल्या धारेची. मी म्हटलं, बायनाबाईनं घराबाहेर काढलं का तुले? तं म्हणे, पिवाले नाई पायजे. मग काय आंघोळीले नेतं का, म्हटलं.”

ती हसत राहिली. मला हसता आले नाही. मोहाची दारू पहिल्या धारेची असली तरी तिच्यात पाणी असतेच. ज्याने लाख विरघळताना पाहिली होती पण ज्याच्या गावात स्पिरिट मिळत नव्हते, त्याने त्याला सर्वांत जवळचे जे होते ते आणले. शहरातल्या दुकानात मागितले असते तर कोणी ओळखले असते. आणि दारू तोंडाला न लावलेल्या माणसाला तिच्यात किती पाणी असते ते कळणार तरी कसे?

देवराव घराच्या सावलीत दोर वळत बसला होता. बायनाबाई विहारात गेली होती. मी खोके उघडले आणि इंजिन त्याच्यापुढे ठेवले. नळी मी बोटाने दाखवली नाही. लिव्हर मधे आणला, ब्रेक आवळला, काडीची कपची खिशातून काढून चाकाखाली सरकवली.

त्याने त्या कपचीला बोट लावून पाहिले.

“गुटका राहून गेला का तिथी?” तो म्हणाला. “मले आठवतही नाई मास्तर, मी तो कवा लावला.”

मग त्याने सांगितले. फार हळू, मधे मधे दोर वळत. जानेवारीत नळी तडकली, ती श्रावणने काढली आणि नवी मागवली. ती येईना. वर इंजिनांची ओढाताण, कोणतेही इंजिन उभे ठेवायला कोणी तयार नाही. श्रावणने ‘ठीक’ सांगून टाकले आणि रोज सकाळी देवरावला बाजूला घेऊन म्हणे, डावी नाही, उतारावर जपून ने. देवरावने आपल्या वहीत ते लिहायला हवे होते. लिहिले असते तर श्रावणवर चौकशी आली असती. त्याने लिहिले नाही. तीन आठवडे तो जपून नेत राहिला.

“मंग लालसू गेला. श्रावण म्हणे, मी उभा राहून सांगतो साहेबाले. मी म्हटलं, आता सांगून लालसू उठते का? माही नोकरी गेलीच. तुही गेली तं ह्या बिनमायच्या पोरीनं कोणाकडे पाहावं?” त्याचा हात थांबला. “आता ते पोरगी बापाच्या जागेवर बसली हाये. बापानं खोटं सांगितलं असं कागदावर आलं, की ते जागा राहीन का? तुमी अर्ज केला, बायनाले आशा लावली. मले तोंड नव्हतं बोलाले. म्हून गुरुवारी चष्म्याच्या निमित्तानं आलो.”

मी म्हटले, मेलेल्या मित्राचे नाव राखण्यासाठी एक जिवंत बाई गावात सात वर्षे मान खाली घालून चालते आहे. इतके कठोर वाक्य मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो.

“ठाऊक हाये,” तो म्हणाला. “नळी राहू द्या, मास्तर. तुमाले हात जोडतो.”

मी शब्द दिला नाही. नाहीही म्हणालो नाही. परतीच्या गाडीत खोके मांडीवर घेऊन बसलो, आणि प्रत्येक धक्क्याला माझा हात त्या नळीवर जात होता, ती सैल व्हावी म्हणून की पडू नये म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

६

दिवेलागणीला मी अन्नपूर्णेच्या दाराशी उभा होतो. तिने मागितलेला शब्द मात्र मी दिलेला होता. मी सगळे सांगितले, नोकरीची देवरावला वाटणारी भीतीही.

ती रडेल असे मला वाटले होते. तिने फक्त विचारले, बाबांना सांगायचे होते, हे देवरावकाका स्वतः म्हणाले का? हो, मी म्हणालो. श्रावणला अपघातानंतरच्या तीन वर्षांत या आकृतीला ती नळी कधीही बसवून टाकता आली असती. अर्ध्या तासाचे काम. चौकशीत ज्याला खरे बोलता आले नाही, त्याला पितळेत खोटे घडवता आले नव्हते. आणि तो त्या पेटीकडे पाठ करून जगला.

“तुम्ही मला आधी सांगितलंत,” ती म्हणाली. “बाकीचं माझ्यावर सोडा.”

ती काय करणार, हे तिने सांगितले नाही. तिच्या हातांकडे पाहून ते मला ओळखता येईना. त्या हातांना उद्याच्या एका दिवसात नोकरी राखता येत होती, बापाचे नाव राखता येत होते. त्यासाठी काहीच करायचे नव्हते, फक्त स्वस्थ बसायचे होते.

७

सोमवारी क्लबात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब कोरडे, नेमके बोलणारे गृहस्थ होते. बापूराव समोर बसले होते. बायनाबाई विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्यात, अर्जाची नक्कल हातात धरून आली होती. तिच्या आग्रहाने देवरावही आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. भिंतीचा चुना त्याच्या पाठीला लागत होता, पण त्याला ते कळत नव्हते.

मी झाकण काढले. साहेबांनी अर्ज वाचला, वाकून डावी बाजू पाहिली आणि भुवया उंचावल्या. “नळी नाही असं तुम्ही लिहिलं आहे. इथं तर आहे.”

बापूरावांनी सुस्कारा सोडला. बायनाबाईने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलो नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अन्नपूर्णा उठली आणि टेबलापाशी आली.

“ही गुरुवारी बसवली आहे, साहेब. माझ्या वडिलांनी बसवलेली नाही.” तिने स्पिरिटात भिजवलेल्या कापडाने रंग पुसून तार उघडी केली, ती उलगडली, आणि रिफिल साहेबांच्या कागदांवर ठेवली. खाली जुने पितळ होते. सात वर्षांच्या काळवंडलेल्या थरावर झाळल्याची, खिळ्याची, कसलीही खूण नव्हती. “इथं कधीच नळी नव्हती. इंजिनाचे फिटर माझे वडील होते. ठीक आहे असं त्यांनीच सांगितलं होतं. एक माणूस मेला, म्हणून हे सांगते.”

नळी कोणी बसवली, हे साहेबांनी विचारले. ती उत्तर देण्याआधी देवराव भिंतीपासून सुटून पुढे आला होता.

“मी. ह्या पोरीची नोकरी घेऊ नका, साहेब. जे लिवाचं ते माझ्यावर लिवा.”

साहेबांनी चष्मा काढला. काही क्षण त्यांना हा माणूस काय मागतो आहे ते उमगले नसावे. मग त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच थोडा ओलावा होता, की ही नोकरी वडील सेवेत वारले म्हणून मिळालेली आहे. त्यांनी हयातीत काय केले याचा तिच्याशी संबंध नाही. ती कोणी काढून घेऊ शकत नाही, आजही नाही आणि आधीही कधी शक्य नव्हते. कुठल्याही कचेरीतल्या कारकुनाने हे एका मिनिटात सांगितले असते. वहीत दोष न लिहिल्याची चूक देवरावच्या माथी राहील, पण वेगाचा ठपका टिकणार नाही. लालसूच्या मृत्यूचा दोष त्याच्या एकट्यावर ठेवता येणार नाही. ते लिहू लागले.

बापूराव उठून हळूच बाहेर गेले. अन्नपूर्णा देवरावजवळ जाऊन उभी राहिली, पण त्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

बायनाबाईने अर्जाची नक्कल चार घड्या करून कमरेला खोचली. सात वर्षे आपला नवरा दोषी नाही असे ती गावाला सांगत आली होती, आणि ते ठाऊक असलेला माणूस तिच्याच शेजारी बसून जेवत होता. ती त्याच्यासमोर आली. तिचा आवाज इतका खाली होता की आम्हांला श्वास रोखून ऐकावे लागले.

“एवढी माणसं होती कचेरीत. पोरीच्या नोकरीचं कोणा एकाले तरी इचारलं काऊन नाई?”

देवरावने तिच्याकडे पाहिले.

“इचारलं असतं,” तो म्हणाला, “तं खरं सांगा लागलं असतं.”